दार उघडले, पण घर कुठे?

गेल्या वर्षी इंग्रजीच्या ट्यूटोरियलसाठी मी एका कादंबरीवर चार पाने लिहून दिली होती. कादंबरीचे नाव 'फँटॅस्टीज', लेखक जॉर्ज मॅक्डोनल्ड, प्रसिद्धीचे साल 1858. त्या चार पानांत 'काव्यात्म', 'तरल' आणि 'स्वप्नवत' हे तीन शब्द मिळून अकरा वेळा आले आहेत. परवा वही हाती लागली तेव्हा मी ते मोजले. सरांनी खाली 'छान' असा शेरा देऊन दहापैकी आठ गुण दिले होते. खरी गोष्ट अशी की ती कादंबरी वाचताना मला निदान चार वेळा झोप लागली होती, आणि तेराव्या प्रकरणानंतर मी केवळ हट्टाने पाने उलटत होते. म्हणजे ते आठ गुण खोटे आहेत. ते परत करता येत नाहीत, म्हणून हा लेख.

खोटे का लिहिले, हे आधी सांगते. आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच. इंग्रजी पुस्तक कंटाळवाणे वाटले तर पहिला संशय पुस्तकावर जात नाही, स्वतःवर जातो. शब्द अडले असतील, संदर्भ कळले नसतील, आपल्यावर तसे संस्कारच नसतील, असे वाटत राहते. वर्गात ज्यांच्या घरी पुस्तकांचे कपाट आहे ते बिनधास्त म्हणतात, "बोअर आहे." आम्ही मात्र 'तरल' आहे असे लिहून मोकळे होतो. तेव्हा या वेळी मी पुस्तक पुन्हा वाचले, शब्दकोश शेजारी ठेवून, एकही पान न गाळता. कंटाळा तिथेच होता. आता तो कशाने येतो ते शोधणे भाग होते.

ज्या जातीच्या गोष्टींना इंग्रजीत 'पोर्टल फँटसी' म्हणतात, तिच्यात एक दार असते. आपल्या रोजच्या जगातला कुणी माणूस त्या दारातून पलीकडच्या अद्भुत प्रदेशात जातो. दार म्हणजे चौकटीचेच दार असे नव्हे. लुईस कॅरॉलच्या 1865 सालच्या 'ॲलिस'मध्ये ते सशाचे बीळ आहे, आणि सी. एस. लुईसच्या 1950 सालच्या नार्नियाच्या गोष्टीत ते फरचे कोट टांगलेले कपाट आहे. आमच्या आजीच्या कहाण्यांत असे दार नसते. ती 'आटपाट नगर' म्हणाली की ऐकणारा थेट नगरातच असतो, कुणी त्याला वेशीपर्यंत पोहोचवायला येत नाही. दाराच्या गोष्टीत मात्र नायकही परका आणि वाचकही परका. दोघांनाही तिथली झाडे, माणसे, रीतिरिवाज सगळे नवे. त्यामुळे लेखकाला पदोपदी थांबून दाखवावे लागते. फारा मेंडलसन या अभ्यासक बाईंनी 2008 साली फँटसीचे चार प्रकार पाडले, त्यांत या प्रकाराच्या वर्णनप्रियतेकडे त्यांनी लक्ष वेधले आहे. वर्णनाचा मोह हा या गोष्टींचा जन्मजात आजार आहे असे म्हटले तरी चालेल. काहींना तो थोडा होतो, काहींना जन्मभर पुरतो.

मॅक्डोनल्ड हा स्कॉटलंडचा. जन्म 1824 चा, मृत्यू 1905 चा. काही काळ तो अरंडेल या गावी धर्मोपदेशक होता. त्याची मते तिथल्या मंडळींना पटेनात, आणि 1853 साली त्याने ते काम सोडले. पुढे लेखणीवर पोट भरले. 'फँटॅस्टीज' हे त्याचे गद्यातले पहिले मोठे अद्भुत पुस्तक. लहान मुलांसाठी नव्हे, स्त्रीपुरुषांसाठी लिहिलेली ही परीकथा आहे, असे त्याने मुखपृष्ठाच्या आतच सांगून ठेवले आहे. आपल्याकडे याच सुमारास, 1861 साली, हळब्यांची 'मुक्तामाला' आली. आपले इतिहासकार तिला पहिल्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांत धरतात. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण दोन्हीकडे तीन वर्षांच्या अंतराने अद्भुताचे वारे सुटले होते याची मला गंमत वाटते.

आता ते दार. ते मात्र विलक्षण आहे, आणि त्याबद्दल माझी अजूनही तक्रार नाही. नायकाचे नाव ॲनोडॉस. तो नुकताच एकवीस वर्षांचा झाला आहे. वडिलांच्या जुन्या मेजाची किल्ली त्याच्या हाती येते, तो एक कप्पा उघडतो तर आत वीतभर उंचीची एक बाई उभी. उद्या तुला परीराज्याची वाट सापडेल, असे ती सांगते. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला पाण्याच्या खळखळाटाने जाग येते. खोलीतले हिरव्या संगमरवराचे तोंड धुण्याचे भांडे झऱ्यासारखे भरून वाहते आहे. पाणी गालिच्यावरून चालले आहे. गालिच्यावर गवताची आणि फुलांची नक्षी आहे, आणि ती पाती वाऱ्याने हलल्यासारखी हलू लागतात. काळ्या लाकडाच्या मेजावर कोरलेल्या वेलीची पाने खरी होतात. तो कपडे करतो, झऱ्याच्या काठाने चालू लागतो, आणि खोलीचे रान झालेले असते.

हे वाचताना मी खरोखर उठून बसले होते. इथे एकही शब्द जास्त नाही. भांडे, गालिचा, मेज या तीन वस्तू एकेक करून बदलतात, आणि ज्या क्रमाने त्या बदलतात त्याच क्रमाने आपला विश्वास बसत जातो. खोलीला दार आहे म्हणून त्या खोलीचे सामान आधी दाखवलेले आहे. काव्य म्हणायचे तर याला म्हणावे.

मे महिन्याच्या सुट्टीत मी घरी होते. आमच्याकडे ते कांदा चाळीत भरायचे दिवस. दिवसभर आई आणि मी त्याच कामात. संध्याकाळी आजी ओट्यावर वाती वळत बसते, आणि तिला काहीतरी ऐकायला लागते. मी रोज एकदोन प्रकरणे वाचून तिला सांगायचे ठरवले. पहिल्या दिवशी तिने वळायचे काम थांबवले. "गालिच्याचं गवत झालं? मग गं?" दुसऱ्या दिवशी रानातल्या म्हातारीने नायकाला सावध केले की ॲश नावाच्या झाडापासून जप, ते झाड माणसाच्या मागे लागते. आजी म्हणाली, "मुंजा असंल." तिला ते पटले. त्या झाडाची बोटांसारख्या फांद्यांची सावली चंद्रप्रकाशात नायकावर पडते तेव्हा ती पदर ओढून बसली. बीच नावाच्या झाडातली बाई त्याला वाचवते, आपले केस कापून त्याच्याभोवती बांधायला देते, हेही तिला आवडले.

अडचण पाचव्या-सहाव्या दिवसापासून सुरू झाली. "मग?" असे ती विचारी, आणि मला 'मग'ला उत्तर सापडेना. मग तो चालला. मग त्याला फुले दिसली. मग एक महाल आला. महालात खूप खोल्या होत्या. एका दारावर त्याचेच नाव लिहिलेले होते. मग तो ग्रंथालयात बसून पुस्तके वाचू लागला, आणि त्या पुस्तकांतल्या गोष्टी आपल्याला सांगू लागला. "आणि ते झाड?" आजीने विचारले. ते झाड पुन्हा आले नाही. एका शूर शिलेदाराच्या कुऱ्हाडीचा घाव बसला आणि त्याचा विषय संपला. आजीचा चेहरा पडला. "एवढं भ्यायलो ते फुकट," ती म्हणाली.

मला वाटते तिने दोषावर नेमके बोट ठेवले. 'फँटॅस्टीज'मध्ये भीती आहे, मोह आहे, मृत्यूही आहे, पण एकाचा हिशेब पुढच्याकडे जात नाही. काल जे घडले त्याचे आज काही देणे लागत नाही. ॲलिसची गोष्टही स्वप्नच आहे, पण तिला त्या छोट्या दारामागच्या बागेत जायचे असते, आणि ती मोठी-लहान होते ती त्या इच्छेपायी. नार्नियात एडमंडने चेटकिणीची मिठाई खाल्ली तर त्याची किंमत शेवटपर्यंत कुणाला ना कुणाला मोजावी लागते. ॲनोडॉसला फार वेळ काहीच नको असते. झरा जाईल तिकडे तो जातो. पुढे संगमरवरी गोऱ्या स्त्रीचा ध्यास त्याला लागतो खरा, पण तीही दहा प्रकरणांतून धुक्यासारखी येते आणि जाते. या नावाचा ग्रीक भाषेत 'वाट नसलेला' असा अर्थ लागतो आणि 'वर जाणारा' असाही लागतो. मला पहिलाच अर्थ भेटला.

अशी वाट नसली की मग मोकळी जागा कशाने भरायची? मॅक्डोनल्ड ती गाण्यांनी आणि उपमांनी भरतो. पुस्तकात कवितांची रेलचेल आहे. काही पानभर, काही कित्येक पानांच्या. नायक गातो, फुलांतल्या पऱ्या गातात, म्हाताऱ्या गातात. चंद्रप्रकाश इतक्या वेळा येतो की अमावास्या कधी येते याची वाट पाहावीशी वाटते. प्रत्येक गोष्ट कशासारखी तरी आहे, आणि ती दुसरी गोष्ट पुन्हा स्वप्नासारखी. जिथे सगळेच स्वप्नासारखे आहे तिथे 'स्वप्नासारखे' या शब्दाने नवे काय कळणार? गालिच्याचे गवत झाले तेव्हा आधी गालिचा होता. पुढे सगळेच गवत आहे.

बचाव पक्षाकडे उत्तर आहे, आणि ते पुस्तकाच्या पहिल्याच पानांवर आहे. जर्मन कवी नोव्हालिस याचा एक उतारा मॅक्डोनल्डने सुरुवातीला दिला आहे. त्याचा आशय असा की ज्यांत सुसंगती नाही पण स्वप्नातल्यासारखी साहचर्ये आहेत अशा कथा असू शकतात, आणि कविताही अशा असू शकतात की ज्या केवळ गोड वाजतात, अर्थाचा धागा नसला तरी चालतो. म्हणजे लेखकाने आधीच पाटी लावली आहे. मग तक्रार करणारी मी कोण? गेल्या वर्षी मी इथेच हात टेकले होते.

पण याच लेखकाने पस्तीस वर्षांनी, 1893 साली, परीकथेतल्या कल्पनाशक्तीवर एक निबंध लिहिला. त्यात तो म्हणतो की माणसाने स्वतःचे छोटे जग खुशाल निर्माण करावे, त्याला स्वतःचे नियम घालून द्यावे. मात्र एकदा नियम घातले की ते एकमेकांशी जुळले पाहिजेत. लेखकाने मध्येच नियम मोडला की वाचकाचा विश्वास त्या क्षणी उडतो. मला हा निबंध वाचून फार धीर आला. आजीच्या कहाण्यांचाही हाच कायदा आहे. घेतलेला वसा टाकला की घर बसते आणि वसा पुन्हा धरला की घर उभे राहते. आजीने मॅक्डोनल्ड वाचलेला नाही, पण 1893 चा मॅक्डोनल्ड आणि आजी एका बाजूला आहेत, आणि 1858 चा मॅक्डोनल्ड दुसऱ्या.

आणि हा नियम त्याला पाळता येत होता. 1872 साली पुस्तकरूपाने आलेली त्याची 'द प्रिन्सेस अँड द गॉब्लिन' ही मुलांची गोष्ट मी नंतर वाचली. तिथेही गाणी आहेत. पण गॉब्लिन म्हणजे जमिनीखाली राहणारे ते विद्रूप लोक, त्यांना गाणे सहन होत नाही. म्हणून खाणीत काम करणारा कर्डी नावाचा मुलगा रात्री त्यांना पळवून लावायला कडवी रचून म्हणतो. शिवाय त्यांचे डोके दगडासारखे पण पाय नाजूक, हे एकदा सांगितले की शेवटच्या मारामारीत तो पायांवरच पाय देतो. तिथे गाणे म्हणजे हत्यार आहे, कुदळीसारखे. ते गाणे काढून टाकले तर मुलगा मरेल. 'फँटॅस्टीज'मधली बरीच गाणी काढून टाकली तर कुणालाही काही होणार नाही. सगळी नव्हेत. संगमरवरात अडकलेली ती स्त्री नायकाच्या गाण्यानेच मोकळी होते, हे मान्य केले पाहिजे.

सी. एस. लुईसचा प्रश्न उरतो. 1916 साली, सतरा वर्षांचा असताना, लेदरहेड स्टेशनवरच्या पुस्तकांच्या दुकानात त्याने हेच पुस्तक विकत घेतले, आणि त्याने आपले आयुष्य बदलले असे तो जन्मभर सांगत राहिला. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. हे वाचून मी पुन्हा स्वतःला दोष द्यायला लागले होते. पण त्याच लुईसने 1946 साली मॅक्डोनल्डच्या वेच्यांचे पुस्तक काढले, आणि त्याच्या प्रस्तावनेत त्याने स्पष्ट कबूल केले आहे की शब्दांची कला म्हणून पाहिले तर मॅक्डोनल्ड पहिल्या रांगेतला लेखक नव्हे, कदाचित दुसऱ्याही नव्हे. त्याची भाषा कित्येकदा फुगते. त्याचे मोठेपण लुईसला दिसते ते शब्दांच्या मागे असलेल्या कथाबीजात. म्हणजे ज्याने त्याला गुरू मानले त्याने जे म्हटले ते मी माझ्या चार पानांत लिहायला घाबरले.

एक तक्रार मात्र लुईसची नाही, माझी एकटीची आहे. एका झोपडीत एक राक्षसीण बसलेली असते. ते कपाट उघडू नकोस असे सांगूनही ॲनोडॉस ते उघडतो, आणि आतून त्याची सावली धावत येऊन त्याला चिकटते. यापुढे ही सावली जिथे पडेल तिथली जादू जाते. वाटेत त्याला एक परीबालक भेटते. हातात दोन अजब खेळणी, अंगातून तेज फाकलेले. सावली पडते, आणि तिथे गवती काड्यांची रुंद टोपी घातलेला एक सामान्य मुलगा उभा राहतो. खेळणी म्हणजे एक भिंग आणि एक कॅलिडोस्कोप. लेखकाच्या मते ही हानी आहे. मी तिथे पुस्तक मिटून ठेवले. इतक्या पानांच्या चंद्रप्रकाशानंतर भेटलेला तो पहिला मुलगा होता ज्याला मी ओळखत होते. आमच्या मळ्याच्या बांधावर असे दहा सापडतील. त्याने ते भिंग कुठून आणले, कॅलिडोस्कोप कुणी दिला, हे मला ऐकायचे होते. पण गोष्ट पुढे निघून गेली.

आणि त्यानंतर थोड्याच पानांवर पुस्तकातली सर्वांत चांगली गोष्ट आहे, हे न सांगणे म्हणजे पुन्हा खोटे लिहिणे होईल. एक लहान मुलगी नायकाबरोबर चालत असते. तिच्याजवळ स्फटिकासारखा एक गोळा आहे. हळूच हात लावला की तो नाद करतो. तिसऱ्या दिवशी सावलीच्या भरीला पडून तो दोन्ही हातांनी तो गोळा धरतो. तिने नको म्हटले तरी सोडत नाही. नाद वाढत जातो आणि गोळा फुटतो. ती रडत रानात पळून जाते. इथे उपमा जवळजवळ नाहीत. फार पुढे, नायक स्वतःच्या गर्वापायी एका बुरुजात कोंडलेला असतो तेव्हा बाहेरून कुणाच्या तरी गाण्याचा आवाज येतो, आणि त्या गाण्याच्या बळावर तो दार उघडून बाहेर पडतो. गाणारी तीच मुलगी असते, आता मोठी झालेली. गोळा फुटल्यावर तिला त्याच्याशिवाय गाता येऊ लागले. ती त्याचे आभार मानते.

इथे कालचे देणे आज फिटते. गाण्याला काम आहे. पण मध्ये दहाबारा प्रकरणांचे धुके आहे, आणि सगळेच वाचक ते ओलांडून येत असतील असे मला वाटत नाही. शेवटी नायक मरतो, पुरला जातो, आणि घरी जागा होतो. एकवीस दिवस गेलेले असतात, त्याला एकवीस वर्षे वाटतात. मलाही अंदाजे तेवढीच वाटली.

सुट्टी संपताना आजीला मी हे शेवटचे दोनतीन दिवसांचे एकदमच सांगून टाकले. नायक मेल्याचे तिला काही वाटले नाही. तिने विचारले ते एवढेच, "ती गोळा फुटलेली पोर आता एकटीच फिरते का?" मी म्हटले, हो, गात फिरते, अडकलेल्यांना सोडवते. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "थकत असंल." मी पुस्तक काढून पाहिले. गाऊन गाऊन हृदय फुटेल असे होते, असे ती मुलगी स्वतःच सांगते. मी दोनदा वाचले होते आणि ती ओळ माझ्या नजरेतून निसटली होती.

हा लेख देण्यापूर्वी मी सरांना भेटून जुन्या ट्यूटोरियलचे खरे काय ते सांगितले. ते हसले, गुण बदलले नाहीत, आणि मॅक्डोनल्डच्या उतारवयातली 1895 ची 'लिलिथ' वाच म्हणाले. त्यात दार म्हणजे माळ्यावरचा एक आरसा आहे, आणि वाट दाखवणारा एक कावळ्याच्या जातीचा पक्षी, जो पूर्वी ग्रंथपाल होता. पहिली तीन प्रकरणे झाली आहेत. आजीला अजून काही सांगितलेले नाही.